वाटणीतला डबा

१३ ऑक्टोबर

वणीचा डॉक्टर म्हणते, राग आला का बोलू नका, वहीत लिहा. बीपीची गोळी सुरू आहेच, त्यावर हे औषध. माह्या बायकोनं, संगीतानं, त्याच दिवशी वही आणली. माह्या कोणत्याच कामाले ती एवढ्या घाईनं कधी गेली नव्हती. तं लिहितो. मी मारोती. मुकुटबनच्या बाहेर रोडाले लागून माहा वजनकाटा आहे. कास्तकाराची कापसाची गाडी चढते, वजन होते, कॉम्प्युटरातून चिठ्ठी निघते, गाडी उतरते. डॉक्टर वही तपासणार असन तं त्याले एवढं माहीत असलेलं बरं.

आजचा राग असा. कापूस घेणाऱ्या जिनिंगचा मॅनेजर रूपसिंग चहा प्यायले आला. म्हणे, "मारोतभाऊ, यंदा कागदाची चिठ्ठी चालत नाई. वजन झालं का तिथूनच नेटवरून आमच्याइथं पोचलं पायजे, अन् कास्तकाराच्या मोबाईलवरही. त्याचं वजन त्याच्या डोळ्याले दिसलं पायजे." पेनड्राइव्हमंधी नवा प्रोग्राम देला. तीन नोव्हेंबरले जिनिंगचा मुहूर्त आहे. तोवर माहा काटा तयार नसला तं गाड्या हायवेवरच्या दुसऱ्या काट्यावर जातीन. एकदा गाड्यावाल्याले तिकडची सवय लागली का तो इकडं वळून पाहत नाई. मी हो म्हटलं. नाई म्हणून काय करता?

हेच इंद्रजित म्हणत होता. इंद्रजित म्हणजे माहा लहान भाऊ. काट्याबाहेर मोठ्या आकड्याचा बोर्ड लावू, कास्तकाराले आपलं वजन दिसू दे. चार लोकाइसमोर म्हटलं त्यानं. मी म्हटलं, माह्या काट्यावर तुहा भरोसा नाई का? तिथून जे सुरू झालं ते मागच्या उन्हाळ्यात घराच्या मधात भिंत उभी झाली तेव्हा थांबलं. आता भिंतीच्या अलीकडं आम्ही अन् काटा, पलीकडं तो, त्याची बायको दीपा अन् त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. बोलणं बंद आहे. रूपसिंगचं म्हणणं वेगळं अन् त्याचं वेगळं. घरच्या माणसानं असं म्हणू नये.

तं प्रोग्राम टाकाले बसलो. कॉम्प्युटर म्हणते, आधी सारं अपडेट करा. केलं सुरू. शून्य टक्के लिहून आलं अन् तिथंच बसलं.

१४ ऑक्टोबर

कालचं अपडेट आज दुपारपर्यंत चार टक्क्यावर गेलं अन् विजेची लाईन गेली. लाईन आली तं पुन्हा शून्य.

नेटवाल्याले बोलावलं. मले वाटलं, महिन्याचे पैसे बरोबर घेते अन् नेट देत नाई. त्यानं मोबाईल लावून दाखवला, नेट पळत होतं. त्याच कॉम्प्युटरवर त्यानं व्हिडिओ लावला, तोही कुठं न अटकता चालला. म्हणे, "काका, नेटमंधी काही खराबी नाई. तुमचा कॉम्प्युटरच कुठं तरी अडून बसला." मंग टेबलाखाली वाकून वायरी पाहू लागला. म्हणे, "हे निळी वायर भिंतीत कुठं जाते?" मी म्हटलं, कुठंच जात नाई. भिंत बांधताना मधात येत होती, मीच मिस्त्रीले म्हटलं तोड. तिच्या टोकाले मी कॅलेंडर अडकवलं आहे. खिळा ठोकाचं काम वाचलं.

१७ ऑक्टोबर

तीन दिवस झाले, तेच ते. हा कॉम्प्युटर बाकीच्यासारखा नाई. याच्यात विंडोज नाई, लिनक्स आहे. आधी कास्तकाराइच्या पेनड्राइव्हमंधून व्हायरस यायचे अन् ऐन गर्दीत स्क्रीन काळी व्हायची. इंद्रजितनं सारं पुसून लिनक्स टाकलं. त्याले मीच पुसदले शिकाले ठेवलं होतं, तेवढं तं केलंच पायजे त्यानं. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाई. मी एक बटण दाबायले शिकलो, बाकी तोच पाहायचा. महिन्यातून एकदा अपडेट करायचा, चहा होईस्तोवर आटपायचं. म्हणजे हेच अपडेट तेव्हा चहाच्या वेळात होत होतं.

तं आता काहून होत नाई? मले एकच उत्तर सुचते. जाता जाता त्यानं काही तरी करून ठेवलं असन. माह्याशिवाय चालवून पाहा, असं म्हणायले. संगीताले हे बोललो तं तिनं पोळी उलटवता उलटवता म्हटलं, "भाऊजी तसे नाई." मी म्हटलं, तुले काय माहीत. ते म्हणे, "मले नाई तं कोणाले माहीत? आठ वर्षाचा होता मी आली तेव्हा. शाळेत जाताना त्याचा भांग मी पाडला."

बोलायचं नाई म्हणून लिहून ठेवलं.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ भिंतीवरून आला. दीपानं डबा ठेवला, संगीतानं उचलला अन् इकडचा डबा तिकडं गेला. या दोघीचं येणंजाणं बंद नाई हे मले माहीत आहे, मले माहीत आहे हे त्याइले माहीत आहे. अनारसे चांगले होते. कोणाच्या हातचे आहेत हे मी विचारलं नाई.

संगीता म्हणे, "दीपा काही तरी सांगत होती. भाऊजी म्हणून राह्यले म्हणे का त्या निळ्या वायरचं काही तरी पाहा लागते."

माही तं तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत झाली, वावर झालं, विहिरीचं पाणी झालं, भांडे झाले, कॉम्प्युटर झाले, आता त्याले वायर पायजे. अर्धी वायर माह्याकडं राह्यली अन् अर्धी त्याच्याकडं. तेवढ्यासाठी दिवाळीच्या दिवशी निरोप. मी म्हटलं, सांग दीपाले, पंचाइसमोर जे व्हायचं ते झालं, आता एक खिळाही भेटणार नाई. संगीतानं माह्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "तुम्ही विचारून तं पाहा." मी म्हटलं, काय विचारू? दोन वीत वायर कायले पायजे हे विचारू?

अनारसे खाऊन झाले होते, नाई तं परत पाठवले असते.

२५ ऑक्टोबर

वणीहून रजतले बोलावलं. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, पोट्टा हुशार आहे. तो म्हणे, "काका, हा कॉम्प्युटर ज्या सर्व्हरवरून सामान आणते तो दूर असन. जवळचा लावून देतो." लावून देला. तरी शून्य. मंग म्हणे, पत्ता शोधाचे दोन रस्ते असतात, एक बंद करून पाहू. एक बंद केला. तरी तेच. मंग हार्डडिस्क तपासली. चांगली निघाली. मंग त्यानं घड्याळ लावून बघितलं तं एक गोष्ट सापडली. एकदा फाईल यायला लागली का भर्रकन येते. पण दर फाईलीच्या आधी कॉम्प्युटर चूप बसते. चांगला वेळ बसते, मंग एक आणते, पुन्हा बसते. अन् फाईली शेकड्यानं.

"कोणाची तरी वाट पाहून राह्यला वाटते," रजत म्हणे अन् हसला.

मंग म्हणे, "काका, कायले डोकं खराब करता? सारं पुसून टाकतो अन् विंडोज टाकतो. संध्याकाळपर्यंत तयार."

मी नाई म्हटलं. म्हटलं, जुन्या वजनाचा हिशोब आहे त्यात. तो म्हणे, हिशोब पेनड्राइव्हमंधी काढून ठेवू. मी म्हटलं, तरी नाई. आता लिहिताना विचार करून राह्यलो का काहून नाई म्हटलं. व्हायरस येईन म्हणूनच म्हटलं असन.

२८ ऑक्टोबर

रूपसिंगचा फोन. "मारोतभाऊ, झालं का?" मी म्हटलं, होऊन राह्यलं. तो म्हणे, हायवेच्या काट्यावाल्याचं कालच झालं.

आज कॉम्प्युटर सुरू करून दिवसभर त्याच्यासमोर बसलो. माणूस उंबरठ्यावर बसून राह्यते तसं ते बसते. मी दोनदा स्क्रीनले थापड मारली. एक ट्रॅक्टरवाला म्हणे, "मारोतभाऊ, मशीन आहे ते, बैल नाई." सारे हसले. मी त्याले म्हटलं, तू तुहा ट्रॅक्टर पाहा. मंग त्याच्या वजनात चूक केली अन् पुन्हा गाडी चढवा लागली. माह्या काट्यावर असं कधी झालं नाई. त्या ट्रॅक्टरवाल्याचं तोंड मले सारखं दिसून राह्यलं. त्याले काय वाटलं असन?

इंद्रजित असता तं म्हणला असता, दादा, बाहेर आकडा दिसत असता तं त्याले काहीच वाटलं नसतं. हे मले कायले सुचलं कोणास ठाऊक.

संध्याकाळी दीपा पुन्हा भिंतीपाशी आली होती. या वेळी संगीतानं मले निरोप सांगतला नाई. मीही विचारला नाई. पण ते बोलणं पुरं ऐकू आलं: "ताई, हे म्हणतात का वायर तुटल्यापासून तिकडचं काम अडलं असन, भासऱ्याइले सांगा." भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे मी. माहं काम अडलं हे त्याले कोणी सांगतलं? म्हणजे तो नजर ठेवून आहे. मजा पाहून राह्यला.

३० ऑक्टोबर

रात्री झोप नाई, दिवसा भूक नाई. संगीता म्हणे, गोळी घेतली का. मी म्हटलं, दोन घेतल्या. ते रडाले लागली. मी एकच घेतली होती, रागात म्हटलं. डॉक्टरसाहेब, वहीचा काही उपयोग नाई.

भीती वाटून राह्यली, खरं सांगतो. हा काटा बंद पडला तं मी काय करू? सकाळी उठून कुठं जाऊ? या वयात मले दुसरं काही येत नाई. गाडी चढली का तिच्या टायरावरून मी वजन सांगतो, चुकत नाई. ते कोणाच्या काय कामाचं?

३१ ऑक्टोबर

रजत पुन्हा आला. त्याची इज्जत अडकली होती म्हणे. या वेळी तो सामान आणायच्या प्रोग्रामच्या साऱ्या सेटिंग उघडून बसला, एक एक ओळ वाचत. जेवायलेही उठला नाई. मंग एकाएकी म्हणे, "काका, सापडलं."

मी जवळ गेलो. इंग्रजी अक्षरं अन् मधात टिंब टिंब देऊन आकडे होते.

"हे पाहा. हा कॉम्प्युटर सरळ नेटवर जातच नाई. दर फाईलीच्या आधी दुसऱ्या एका कॉम्प्युटरले विचारते का तुह्याकडं आहे का. हा त्याचा पत्ता. तो उत्तर देत नाई तोवर हा थांबते. मंग कंटाळून नेटवर जाते. पुढच्या फाईलीले पुन्हा आधी त्यालेच विचारते." मंग मले म्हणे, "तुमच्याइथं दुसरा कॉम्प्युटर होता का?"

मी म्हटलं, होता.

"मंग कुठं गेला?"

"वाटणीत गेला."

आता वाटणीचं सांगतो. दोन कॉम्प्युटर होते. एक हा स्क्रीनवाला अन् एक नुसता डबा, ना स्क्रीन ना काही, मागच्या खोलीत घूं घूं करत राह्यचा. पंच म्हणाले, दोन आहेत, दोघाइले एक एक. मी स्क्रीनवाला घेतला. पंचाइलेही वाटलं का लहान्याचं नुकसान झालं. पण इंद्रजित स्क्रीनसाठी भांडला नाई. तो एवढंच म्हणे, "दादा, हे दोन वेगळे करू नका, हे एकमेकाले..." मी त्याले मधातच थांबवलं. म्हटलं, आता शेपूट लावायचं नाई, जे झालं ते झालं.

रजत म्हणे, "ज्यानं हे केलं त्याचं डोकं होतं काका. तेव्हा तुमच्याइथं नेट खराब असन. एकदा त्या डब्यात उतरवून ठेवायचं अन् मंग घरातल्या घरात वायरीनं आणायचं. आता डबाच नाई तं हा बिचारा दर वेळी हाक मारून राह्यला." मंग त्यानं बोट ठेवलं. "ही एक ओळ काढतो. नेट आता चांगलं आहे. तासाभरात सारं होईन."

मी म्हटलं, थांब.

"काहून?"

संगीता दारात उभी होती, हात पदराले पुसत. रजत माह्याकडं पाहे, तिच्याकडं पाहे. म्हणे, "काका, तीन तारखेले मुहूर्त आहे न?" मी म्हटलं, मले माहीत आहे, ओळ राहू दे. तो बॅग घेऊन उठला. जाताना म्हणे, "मंग बोलावलं कायले मले?"

१ नोव्हेंबर

सकाळपासून कॅलेंडरकडं पाहून राह्यलो. महिना बदलाचा होता म्हणून काढलं तं वायरीचं टोक हातात आलं. निळं, वर चुन्याचे डाग. मिस्त्रीनं पक्कडीनं तोडली तेव्हा मी बाजूलेच उभा होतो.

तो वायर मागत नव्हता. दिवाळीले निरोप आला तो मागायचा नव्हता. तुटली आहे हे सांगाचा होता. भिंतीपाशी दीपा बोलली तेही तेच. साधी गोष्ट होती. लहान पोरालेही समजली असती, मले समजली नाई. मले त्याच्या तोंडून फक्त वाटणी ऐकू येत होती.

संगीताले हे बोललो. ते म्हणे, "मले पह्यल्या दिवशीच वाटलं." मी म्हटलं, मंग बोलली काहून नाई? ते म्हणे, "बोलली. तुम्ही म्हटलं, दोन वीत वायर."

मंग ते म्हणे, "आता एक ओळ काढून टाका नाई तं भिंतीपलीकडं जा. दोन्हीनं काटा चालू होईन. तुमचं तुम्ही पाहा." अन् भाजी चिराले बसली. वांगे चिरून झाले तरी मी तिथंच उभा होतो.

रूपसिंगचा फोन आला. उचलला नाई.

२ नोव्हेंबर

गेलो.

दाढी करून गेलो. दुसऱ्याच्या घरी जातो तसा. रोडावरून वळसा घालून त्याच्या फाटकातून. हे फाटक मी आजवर उघडलं नव्हतं, कडी कुठून निघते हेही माहीत नव्हतं. इंद्रजित दुकानात कोणाचा तरी मोबाईल खोलून बसला होता. बारीक झाला. केस कानावर पिकले, त्याचे! मी उभा राह्यलो. त्यानं वर पाह्यलं अन् उठला. मनात बरंच काही ठरवून गेलतो.

मी म्हटलं, "तो डबा आहे का?"

"आहे."

"चालते का?"

"चालूच आहे."

"कवापासून?"

"बंद कवा केला मी?" तो म्हणे.

मागच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात डबा होता, घूं घूं करत. वर धूळ नव्हती. इंद्रजित म्हणे, "लोकाइचे लॅपटॉप येतात तं त्याइच्यासाठी उतरवतोच मी. तुमच्या कॉम्प्युटरले जे लागते तेही त्यातच येते. मागच्या महिन्याचंही आहे, या महिन्याचंही आहे. तुमच्याकडून वायर तुटली, म्हणून पोचत नाई. दोनदा सांगून पाठवलं."

मी म्हटलं, "मले वाटलं, तुले वायर पायजे."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. "वायर काय करू दादा मी?"

दादा म्हटलं त्यानं. मले तिथंच रडू आलं. लिहून ठेवतो, डॉक्टरले वाचू द्या. दीपा पाणी घेऊन आली अन् मले पाहून दारातच थांबली. इंद्रजितनं तोंड भिंतीकडं केलं अन् टेबलावरचे स्क्रू उगीच डबीत भरू लागला.

मंग आम्ही काही बोललो नाई. बोर्डाचंही नाई, भिंतीचंही नाई. ते बोलणं अजून तसंच पडून आहे अन् मले त्याची भीती आहे. त्यानं ड्रिल काढलं. "जुन्या जागी लोखंड येईन, थोडं वर पाडतो," म्हणे. मी इकडं आलो. भिंतीतून ड्रिलचा आवाज आला, चुना पडला, बोट जाईन एवढं भोक पडलं. त्यातून नव्या निळ्या वायरीचं टोक निघालं. मंग त्याचा आवाज आला, अगदी कानापाशी.

"दादा, ओढा."

"ओढतो."

"दमानं. अजून आहे."

मी ओढत गेलो. वायर लागत होती त्याहून किती तरी जास्त सोडली त्यानं.

३ नोव्हेंबर

चहा होईस्तोवर अपडेट झालं होतं कालच. आज सकाळी मुहूर्ताची पह्यली गाडी माह्याच काट्यावर चढली. वजन जिनिंगमंधी पोचलं, कास्तकाराच्या मोबाईलवरही गेलं. त्यानं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन आकडा पाह्यला अन् मान हलवली. मले वाईट वाटलं नाई. वाईट वाटन असं आधी वाटलं होतं.

इंद्रजित आला नाई. मीही बोलावलं नाई. रूपसिंगनं पेढे वाटले, त्यातला एक मी भिंतीवर ठेवला. थोड्या वेळानं पाह्यलं तं नव्हता. कावळ्यानं नेला असन तरी काय सांगता येते.

दुपारी जेवून आलो तं संगीतानं भोकात कापडाचा बोळा कोंबला होता. पाल येईन म्हणे. तिकडं इंद्रजित कोणत्या तरी गिऱ्हाईकाले सांगत होता का बॅटरी फुगली, बदला लागन. बोळ्यातून आवाज दबून येत होता. मी बोळा काढून टाकला.